एकोणचाळीस पेसो: चिलीतील दडपशाही आणि आर्थिक धोरण यांचे एक प्रकरण

सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागात, तासगाव आणि कवठेमहांकाळ तालुक्यांत, द्राक्षबागायतदारांच्या बोलण्यात चिली हा देश नेहमी येतो. गेल्या हंगामात एका परिचित बागायतदारांच्या बेदाणा शेडवर बसलो असताना ते मला म्हणाले, "सर, चिलीचा माल बघा की. एक मणी इकडचा तिकडं नाही. तिथं सरकार कडक होतं म्हणून जमलं. आपल्याकडं रोज उठून कुणाचा तरी मोर्चा." शेडमध्ये जाळ्यांवर माल वाळत होता आणि खाली चार बायका बेदाणा निवडत बसल्या होत्या. बागायतदारांचे म्हणणे मला तिथल्या तिथे खोडून काढता आले नाही, कारण चिलीच्या निर्यातीचा चढता आलेख खोटा नाही आणि तेथील सरकार कडक होते हेही खरे आहे. प्रश्न एवढाच होता की या दोन गोष्टींमध्ये 'म्हणून' हा शब्द बसतो का. मी सांगलीत अर्थशास्त्र शिकवतो. तो प्रश्न मी तृतीय वर्षाच्या वर्गापुढे प्रकरण म्हणून ठेवला, आणि त्या चर्चेसाठी जे टिपण तयार केले त्याचेच हे विस्तारित रूप आहे.

चिलीचे लष्करशहा जनरल पिनोशे यांच्या राजवटीच्या सतरा वर्षांचा (१९७३ ते १९९०) संपूर्ण इतिहास येथे मांडलेला नाही. त्यातील एकच निर्णय मी अभ्यासासाठी निवडला आहे. जून १९७९ मध्ये चिलीच्या सरकारने एका डॉलरला ३९ पेसो हा दर बांधून टाकला आणि तो तीन वर्षे हलू दिला नाही. जून १९८२ मध्ये तो सोडावा लागला, तेव्हा देशाची अर्थव्यवस्था कोसळलेली होती. चूक कोणत्याही सरकारच्या हातून होते. ही चूक तीन वर्षे दुरुस्त का झाली नाही, हे या प्रकरणातले खरे कोडे आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. १९७० साली साल्वादोर आयेंदे सुमारे ३६ टक्के मते घेऊन अध्यक्ष झाले. त्यांच्या काळात तांब्याच्या खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, आणि ते संसदेने एकमताने केले. परंतु सरकारी तूट नोटा छापून भरली गेली, भाव कागदावर बांधले गेले आणि दुकाने रिकामी झाली. अमेरिकेच्या शत्रुत्वाने आणि वाहतूकदारांच्या संपाने परिस्थिती आणखी बिघडली. १९७३ मध्ये महागाईचा दर ५०० टक्क्यांच्या पुढे गेला होता. ११ सप्टेंबर १९७३ रोजी लष्कराने सत्ता घेतली आणि आयेंदे यांचा अध्यक्षीय प्रासादातच मृत्यू झाला. नव्या राज्यकर्त्यांना अर्थव्यवस्थेचे ज्ञान नव्हते. ते पुरवणारा गट मात्र तयार होता. सांतियागोच्या कॅथलिक विद्यापीठाने १९५६ मध्ये शिकागो विद्यापीठाशी केलेल्या करारातून घडलेल्या या अर्थतज्ज्ञांनी सत्तांतरापूर्वीच जाडजूड आराखडा लिहून ठेवला होता, आणि त्याच्या जाडीमुळे त्याला 'वीट' असे नाव पडले होते. १९७५ मध्ये त्यांनी सरकारी खर्चावर एकदम कुऱ्हाड चालवली. त्या एका वर्षात राष्ट्रीय उत्पन्न सुमारे १२ ते १३ टक्क्यांनी घटले.

बांधलेल्या दरामागे एक तर्क होता आणि तो मूर्खपणाचा नव्हता. अर्थमंत्री सेर्जिओ दे कास्त्रो यांचे म्हणणे असे होते की आयातशुल्क सरसकट १० टक्क्यांवर आणले आहे, सरकारी अंदाजपत्रकात तूट उरलेली नाही, तेव्हा डॉलरचा दर स्थिर केला की बाहेरून येणाऱ्या मालाच्या स्पर्धेमुळे देशातील भाव आपोआप जगाच्या भावांशी जुळतील आणि महागाई संपेल. प्रत्यक्षात भाव जुळायला फार वेळ लागला. १९८० मध्येही महागाई ३० टक्क्यांच्या आसपास होती. त्याचे एक कारण सरकारच्याच कायद्यात होते, कारण १९७९ च्या कामगार कायद्यानुसार करार करणाऱ्या कामगारांचे वेतन मागील महागाईच्या प्रमाणात वाढवणे बंधनकारक होते. एका हाताने डॉलर खिळवला आणि दुसऱ्या हाताने खर्च मागच्या वर्षाच्या भावांशी जोडला, अशी ही विसंगती होती.

वर्गात हा भाग आकड्यांनी कळेना, तेव्हा मी फळ्यावर बागेचा हिशेब मांडला. समजा, एका पेटीला निर्यातदाराकडून एक डॉलर मिळतो. तो बदलून बागायतदाराच्या हातात ३९ पेसो पडतात, आणि छाटणी, खते, औषधे, पेटी व वाहतूक मिळून ३० पेसो खर्च जाऊन ९ उरतात. वर्षाने खर्च ३० टक्क्यांनी वाढून ३९ पेसो होतो. डॉलर मात्र तसाच, ३९ चाच. शिल्लक शून्य. यात रोग पडला नाही, अवकाळी आला नाही, बाजारही पडला नाही. तासगावहून येणारी एक विद्यार्थिनी पटकन म्हणाली, "सर, मग बाग मोडावी लागणार." म्हणजे ज्या निर्यातदार शेतकऱ्याच्या नावाने या धोरणाचे कौतुक आपल्याकडे होते, त्याचाच गळा या दराने आवळला जात होता.

दुसरीकडे डॉलरमध्ये कर्ज घेणाऱ्यांची चंगळ झाली. पेसोचे व्याज जबर होते, डॉलरचे कमी होते, आणि दर हलणार नाही याची हमी सरकारने दिली होती. चिलीचे परकीय कर्ज १९७८ मध्ये सुमारे ७ अब्ज डॉलर होते, ते १९८२ पर्यंत सुमारे १७ अब्जांवर गेले, आणि त्यातील मोठा भाग खाजगी होता. हे कर्ज वाहिले ते थोड्या उद्योगसमूहांच्या बँकांतून. १९७५ नंतर सरकारी बँका खाजगी हातांत गेल्या, तेव्हा या समूहांनी त्या उधारीवर विकत घेतल्या आणि मग त्याच बँकांतून आपल्याच कंपन्यांना कर्जे दिली. सांगलीकरांना हा प्रकार समजावून सांगावा लागत नाही. नात्यागोत्यातल्या संस्थांना कर्जे वाटून बसलेल्या सहकारी बँकेच्या दारात ठेवीची पावती घेऊन उभे राहिलेले लोक आपल्याकडे घरोघरी आहेत. फरक इतकाच की आपल्या ठेवीदारांना मोर्चा काढता आला, वर्तमानपत्रात लिहिता आले आणि निवडणुकीत विचारता आले.

येथे प्रकरणाचा गाभा येतो. १९७९ ते १९८२ या काळात हा दर चुकीचा आहे हे कळणारी माणसे चिलीत नव्हती असे नाही. मात्र ज्या ज्या वाटेने ते कळणे सत्तेपर्यंत पोचू शकले असते, ती प्रत्येक वाट आधीच बंद केलेली होती. संसद १९७३ मध्येच विसर्जित झाली होती. डाव्या पक्षांवर तेव्हाच बंदी आली आणि उरलेले पक्ष १९७७ मध्ये कायद्याने संपवले गेले. मतदारयाद्या जाळून टाकल्या होत्या, त्यामुळे ११ सप्टेंबर १९८० रोजी नव्या संविधानावर घेतलेले सार्वमत कोणत्याही मतदारयादीविना पार पडले आणि सरकारने ६७ टक्के होकार जाहीर केला. डावी वृत्तपत्रे सत्तांतराच्या पहिल्याच दिवसांत बंद झाली होती. मध्यवर्ती कामगार संघटना बेकायदा ठरली होती, आणि ऑक्टोबर १९७८ मध्ये आणखी सात कामगार महासंघ एका फटक्यात विसर्जित करण्यात आले.

लष्करी मंडळाच्या आतही विरोध सहन केला गेला नाही. हवाईदलाचे प्रमुख गुस्ताव्हो ले हे सत्तांतराच्या चार शिल्पकारांपैकी एक होते आणि ते उदारमतवादी मुळीच नव्हते. परंतु या आर्थिक धोरणावर त्यांनी आक्षेप घेतले आणि नागरी सत्तेकडे परतण्याचे वेळापत्रक मागितले. जुलै १९७८ मध्ये त्यांना पदावरून काढण्यात आले. दर बांधला गेला तो यानंतर अकरा महिन्यांनी. माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत बोलकी तारीख हीच आहे, कारण बंदूक हाती असलेल्या माणसालाही जिथे 'थांबा' म्हणता येत नाही, तिथे कारखान्यातल्या फिटरने किंवा बागायतदाराने काय म्हणावे?

जे बाहेरून बोलले त्यांचे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. ओर्लांदो लेतेलिएर आयेंदे सरकारात मंत्री आणि त्याआधी अमेरिकेतील राजदूत होते. ऑगस्ट १९७६ मध्ये त्यांनी एका अमेरिकी साप्ताहिकात लेख लिहून असे मांडले की हे आर्थिक धोरण आणि ही दडपशाही या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, पहिली टिकवण्यासाठी दुसरी लागते. २१ सप्टेंबर १९७६ रोजी वॉशिंग्टनमध्ये त्यांच्या मोटारीखाली लावलेल्या बॉम्बने त्यांचा आणि त्यांच्या एका सहकारी तरुणीचा बळी घेतला. हे काम चिलीच्या गुप्त पोलिसांचे होते. देशात राहून बोलणाऱ्यांमध्ये सरकारी कर्मचाऱ्यांच्या संघटनेचे अध्यक्ष तुकापेल हिमेनेस होते. त्यांची नोकरी काढून घेतली गेली होती आणि ते टॅक्सी चालवून पोट भरत होते. आर्थिक धोरणाविरुद्ध सर्व संघटनांनी एकत्र यावे अशी हाक त्यांनी दिली. २५ फेब्रुवारी १९८२ रोजी सांतियागोबाहेरच्या रस्त्यावर, त्यांच्याच टॅक्सीत, गोळ्या झाडलेला आणि गळा चिरलेला त्यांचा देह सापडला. दोषी लष्करी अधिकाऱ्यांना शिक्षा व्हायला २००२ साल उजाडले. हिमेनेस यांची हत्या झाली तेव्हा पेसो अजून ३९ लाच बांधलेला होता.

पडझड एकदम झाली नाही. पहिला मोठा तडा, आपल्या ऊसपट्ट्याला लक्षात राहील असा, साखर शुद्ध करणाऱ्या एका जुन्या कंपनीला गेला. व्हिन्या देल मारची ही कंपनी साखरेच्या सट्ट्यात १९८१ मध्ये बुडाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आठ वित्तसंस्था सरकारला ताब्यात घ्याव्या लागल्या. आयात इतकी वाढली होती की चालू खात्यावरील, म्हणजे परदेशी व्यवहारांतली, तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या १४ टक्क्यांच्या घरात गेली. तांब्याचे भाव उतरत होते आणि अमेरिकेतील व्याजदर चढत होते. तरीही उत्तर ठरलेले होते: सरकारने काही करू नये, मजुरी व भाव घसरले की सर्व आपोआप जागेवर येईल. दे कास्त्रो एप्रिल १९८२ मध्ये पायउतार झाले. १४ जूनला पेसो ४६ वर आणला गेला, आणि वर्ष संपेपर्यंत तो ७० च्या पुढे घसरला. १९८२ मध्ये राष्ट्रीय उत्पन्न सुमारे १४ टक्क्यांनी घटले. कर्जाच्या संकटात त्या वर्षी लॅटिन अमेरिकेतील अनेक देश सापडले, परंतु इतकी खोल घसरण त्या खंडातही विरळ होती. १३ जानेवारी १९८३ रोजी देशातील सर्वांत मोठ्या खाजगी बँका सरकारने ताब्यात घेतल्या, आणि खाजगी समूहांनी परदेशांत केलेल्या कर्जांची हमी सरकारच्या, म्हणजे करदात्यांच्या, डोक्यावर आली.

भार कसा वाटला गेला ते मुद्दाम जवळून पाहण्यासारखे आहे. डॉलरमध्ये कर्ज असलेल्यांना ऑगस्ट १९८२ पासून सवलतीच्या दराने डॉलर मिळू लागले. याच काळात बेकारी, सरकारच्या तुटपुंज्या रोजगार योजनांवर असलेल्यांना धरून, सुमारे ३० टक्क्यांवर गेली. त्या योजनांवर माणसे रस्ते झाडत आणि चर खणत असत, आणि मिळणाऱ्या पैशात घर चालत नसे. शेतजमिनींचे लिलाव सुरू झाले. गहू उत्पादकांचे नेते कार्लोस पॉडलेच यांनी त्या लिलावांविरुद्ध शेतकऱ्यांना संघटित केले, तेव्हा डिसेंबर १९८२ मध्ये त्यांना दोन कामगार नेत्यांसह देशाबाहेर घालवून दिले गेले. शेडवरच्या बागायतदारांना मी नंतर हा प्रसंग सांगितला, तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे शेतकऱ्याचा पुढारी? लिलाव थांबवा म्हणला म्हणून?"

वर्गात दोन आक्षेप निघाले आणि दोन्ही रास्त होते. पहिला असा की लोकशाही देशही अशा चुका करतात, मग दडपशाहीचा संबंध काय? संबंध चुकीशी नाही, चुकीच्या आयुष्याशी आहे. चिलीत आवाज परत आला त्या क्षणापासून धोरण कसे हलले ते पाहावे. ११ मे १९८३ रोजी तांबे खाणकामगारांच्या महासंघाने, तरुण नेते रोदोल्फो सेगेल यांच्या पुढाकाराने, राष्ट्रीय निषेध दिन पुकारला. रात्र पडताच सांतियागोच्या गरीब वस्त्यांतच नव्हे तर मध्यमवर्गीय घरांतही लोक रिकामी भांडी बडवू लागले. ऑगस्टच्या निषेधाच्या वेळी सरकारने १८,००० सैनिक रस्त्यावर उतरवले आणि अनेकजण मारले गेले. पण याच दबावाखाली आयातशुल्क वाढवत वाढवत १९८४ मध्ये ३५ टक्क्यांपर्यंत नेले गेले, गव्हाला भावाचा आधार दिला गेला, आणि पुढे १९८६ मध्ये बँकांवर कडक देखरेख ठेवणारा कायदा आला. १९८५ नंतरची जी वाढ 'चमत्कार' म्हणून सांगितली जाते, ती या दुरुस्त्यांनंतरची आहे. त्या काळातही सर्वांत मोठी सरकारी मिळकत त्याच राष्ट्रीयीकृत तांब्यातून येत होती, ज्याला लष्कराने कधी हात लावला नाही, कारण त्याच्या निर्यातीतील १० टक्के रक्कम कायद्याने लष्करासाठी राखून ठेवलेली होती. आणि १९८७ मध्ये चिलीतील सुमारे ४५ टक्के लोक दारिद्र्यात होते.

दुसरा आक्षेप द्राक्षांचा होता. धोरण चुकले असेल, पण बागा तर उभ्या राहिल्या ना? राहिल्या. मात्र त्यांची मुळे आधीची आहेत. १९६५ मध्ये चिली विद्यापीठ आणि कॅलिफोर्निया विद्यापीठ यांच्यात करार झाला, फळबागांचे तज्ज्ञ तेथे शिकून आले, आणि त्याच दशकाच्या अखेरीस सरकारी विकास महामंडळाने राष्ट्रीय फळयोजना आखून रोपे, कर्ज व शीतगृहे यांत पैसा घातला. वेल लागला लोकशाहीत आणि घड आला हुकूमशाहीत. हुकूमशाहीने जमिनीच्या बाबतीत जे केले ते असे की आधीच्या दोन सरकारांनी संपादित केलेल्या जमिनीपैकी सुमारे तिसरा हिस्सा जुन्या मालकांना परत दिला. उरलेल्यातून कुळांना तुकडे दिले, पण जमिनीच्या चळवळीत पुढे असलेल्यांना त्यातून वगळले. कर्ज आणि सल्ला न मिळाल्याने अनेकांनी ते तुकडे विकून टाकले.

याच भागात लोंकेन येते. सांतियागोच्या नैर्ऋत्येला, द्राक्षमळ्यांच्या प्रदेशात, चुन्याच्या जुन्या भट्ट्या होत्या. नोव्हेंबर १९७८ च्या अखेरीस चर्चच्या मानवी हक्क विभागाला मिळालेल्या माहितीवरून त्या उघडल्या गेल्या आणि आत पंधरा माणसांचे अवशेष सापडले. ७ ऑक्टोबर १९७३ रोजी इस्ला दे माइपो या गावातून पोलिसांनी नेलेले हे गावकरी होते. त्यांत बहुतेक शेतमजूर होते, आणि एकाच घरातील बाप व चार मुलगे होते. पाच वर्षे सरकार सांगत होते की अशी माणसेच नाहीत. पुढे सत्यशोधन आयोगांनी मान्य केलेल्या मृत व बेपत्ता व्यक्तींची संख्या सुमारे ३,२०० आणि छळ सोसलेल्यांची ३८,००० च्या वर भरली, त्यांतील हे पंधरा. एका गावातून एका रात्री पंधरा माणसे गेली की त्या पंचक्रोशीत पुढची किती वर्षे कोणी मजुरी वाढवून मागेल, हा अर्थशास्त्राचाच प्रश्न आहे, आणि तो कोणत्याही वेतन-आकडेवारीत दिसत नाही.

१९७९ च्या कामगार कायद्याचा उगमही निर्यातीशी जोडलेला आहे. महासंघ विसर्जित झाल्यावर अमेरिकेतील कामगार संघटनांनी चिलीचा माल बंदरात उतरवू न देण्याची धमकी दिली. ती टाळण्यासाठी होसे पिन्येरा यांना कामगारमंत्री नेमून घाईने कायदा तयार झाला. त्याने संघटनेचा हक्क कागदावर परत दिला, परंतु वाटाघाट एकेका कारखान्यापुरतीच ठेवली, साठ दिवसांपेक्षा संप लांबला तर कामगाराने राजीनामा दिला असे धरले, आणि हंगामी मजुरांना सामूहिक वाटाघाटीतून वगळले. द्राक्षांच्या पॅकहाऊसमधील बहुसंख्य मजूर हंगामी होते आणि त्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. हंगामाच्या भरात रात्री उशिरापर्यंत काम चाले, मजुरी बहुतेक पेटीवर मिळे आणि हंगाम संपला की कामही संपे.

हे टिपण पुरे झाल्यावर मी पुन्हा त्या शेडवर गेलो आणि कबूल केल्याप्रमाणे बागायतदारांना सर्व सांगितले. ३९ पेसोंचा हिशेब त्यांनी माझ्याआधी पूर्ण केला. बायका निवडणीचे काम करता करता ऐकत होत्या. पॅकहाऊसचा भाग आला तेव्हा त्यांच्यातल्या एका वयस्क मावशींनी हात थांबवून विचारले, "सर, तिथल्या बायकांना हजरी किती हुती?" मी सांगितले की बहुतेक काम पेटीवर असे, आणि सगळ्यांनी मिळून ती वाढवून मागायची सोय कायद्यात नव्हती. मावशींनी एकदा मालकांकडे पाहिले, पदराने हात पुसले, आणि यंदाच्या हजरीचा विषय तिथेच काढला.